मूकपटाच्या नोंदीत 'भाग २' लिहिण्याआधी

मूकपटांची यादी करताना एक घोळ पुन्हा पुन्हा होतो. एकच चित्रपट यादीत तीनदा येतो आणि तिन्ही ठिकाणी वर्ष आणि लांबी वेगळी असते. किंवा याच्या उलट होतं. दोन स्वतंत्र चित्रपट एकाच नोंदीत कोंबले जातात, मग दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'डॉ. माबुझ'चा कालावधी एका यादीत अडीच तास आणि दुसरीत साडेचार तास दिसतो. कोणीतरी ते दुरुस्त करतं. पुढे नवा डबा किंवा नवी फाइल हाती आली की तिच्यावरचा आकडा पाहून दुसरं कोणीतरी नोंद पुन्हा बदलतं. म्हणून एकेक नोंद सुधारून हा आजार जात नाही. त्याचं मूळ बहुतेक वेळा एकाच शब्दात असतं, आणि तो शब्द म्हणजे 'भाग'.

मराठीत आपण रिळालाही भाग म्हणतो, चित्रपटाच्या आतल्या अंकालाही भाग म्हणतो, स्वतंत्रपणे प्रदर्शित झालेल्या चित्रपटालाही भाग म्हणतो आणि सिरियलच्या, म्हणजे प्रकरणाप्रकरणाने दाखवलेल्या चित्रपटमालिकेच्या, प्रकरणालाही. चौघांसाठी नोंदीत रकाना मात्र एकच ठेवलेला असतो.

फ्रेंच दिग्दर्शक लुई फोयादचा 'फाँतोमास' घ्या. डब्यावर फक्त 'फाँतोमास २' असं लिहिलंय. १९१३–१४ मध्ये आलेल्या पाच चित्रपटांपैकी हा दुसरा असेल, म्हणजे 'झ्यूव्ह काँत्र फाँतोमास'. पण हा दुसरा चित्रपट स्वतः चार भागांत विभागलेला आहे आणि प्रत्येक भागाला स्वतःचं शीर्षक आहे. 'ओ क्रोकोदिल' हा त्यातला दुसरा. मग तो '२' त्याचा असू शकतो. तो पाचांपैकी कुठल्याही चित्रपटाचं दुसरं रीळ असू शकतो. आणि कोणाकडे तरी असलेली दुसरी प्रत, एवढाच त्याचा अर्थ असणंही अशक्य नाही. डब्यावरचा आकडा पुरावा नसतो, तो फक्त सुगावा असतो.

आधी रीळ वाचा, मग रकाना भरा

झाकणावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. त्याचा अर्थ तिथेच लावू नका. मग लीडरवरचं (रिळाच्या टोकाच्या पट्टीवरचं) हस्तलिखित, सुरुवातीचं टायटल कार्ड आणि शेवटचं कार्ड पाहा. मधल्या हजार फुटांपेक्षा शेवटचे दहा फूट जास्त माहिती देतात. जर्मन प्रतीच्या शेवटी 'एंडे डेस एर्स्टेन आक्ट्स' असेल तर पहिला अंक संपलाय. 'एंडे डेस एर्स्टेन टाइल्स' असेल तर पहिला स्वतंत्र भागच संपलाय. फरक एका शब्दाचा आहे, पण त्यावर सगळी नोंद फिरते.

हे शब्द भाषेप्रमाणे बदलतात. जर्मन 'आक्ट' साधारण एका रिळाएवढा असतो आणि 'टाइल' म्हणजे स्वतंत्र भाग. 'डी निबेलुंगेन'मध्ये (१९२४) आणखी तिसराच शब्द आहे, 'गेझांग', म्हणजे सर्ग. त्याच्या दोन्ही भागांत प्रत्येकी सात सर्ग आहेत. 'निबेलुंगेन, भाग ५' अशी नोंद दिसली तर तो पाचवा सर्ग किंवा पाचवं रीळ असणार, कारण पाचवा स्वतंत्र भाग नाहीच. फ्रेंचमध्ये 'एपिझोद' हे सिरियलचं प्रकरण आणि 'एपोक' हा मोठा स्वतंत्र खंड. आल्बेर कापेलानीचा १९१३ चा 'ले मिझेराब्ल' चार एपोकांत आला. 'पार्ती' मात्र दोन्ही अर्थांनी येतो, त्यामुळे तिथे थांबून तपासावं लागतं.

सगळ्यांत फसवा शब्द इंग्रजी आहे. १९१० च्या दशकातल्या अमेरिकी जाहिरातीत 'पाच पार्ट्समधलं नाट्य' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पाच रिळं. पाच चित्रपट नव्हेत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी यादीतल्या कितीतरी खोट्या मालिका नाहीशा होतात.

हाताळणीबद्दल थोडं. १९५० च्या आधीची ३५ मिमी फिल्म नायट्रेट असू शकते आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते. काठावर 'सेफ्टी' छापलेलं दिसत नसेल तर रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात किंवा बंद कपाटात ठेवू नका आणि जाणकार माणसाशिवाय उलगडू नका. फिल्म चिकट झालेली असेल किंवा डब्यात तपकिरी भुकटी दिसली तर झाकण लावून तिथेच थांबा.

लांबी मोजली की निम्मा संशय फिटतो

नोंदीत मिनिटं नंतर लिहा, आधी फूट किंवा मीटर लिहा. मूकपटाला ठरलेला वेग नव्हता, त्यामुळे मिनिटं वेगावर बदलतात आणि लांबी बदलत नाही. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला जितक्या फ्रेम, त्याला ३.७५ ने गुणलं की मिनिटाला किती फूट जातात ते मिळतं: १६ च्या वेगाने ६० फूट, १८ ने ६७.५, २० ने ७५ आणि २४ ने ९०. म्हणजे हजार फुटांचं एक रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं आणि २४ ने ११ मिनिटं ७ सेकंद. १६ मिमीच्या प्रतीत एका फुटात ४० फ्रेम असतात, म्हणून तिची लांबी २.५ ने गुणून ३५ मिमीत आणा आणि मगच तुलना करा. हे रूपांतर राहून जातं आणि पूर्ण प्रतीवर 'अपूर्ण' असा शेरा बसतो.

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) लांबी ३,७०० फूट, चार रिळं. १६ च्या वेगाने हा चित्रपट जवळजवळ ६२ मिनिटं चालतो, १८ ने सुमारे ५५ आणि २४ ने ४१. अनेक याद्यांत त्याचा कालावधी ४० मिनिटं दिलेला असतो. तो आकडा बोलपटाच्या वेगाशी, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमशी, जुळतो. अशा ठिकाणी ४० आणि ६२ अशा दोन 'आवृत्त्या' करायच्या नसतात. फूट एकच आहेत.

आता हेच भागांना लावा. अमेरिकी सिरियलचं प्रकरण सहसा दोन रिळांचं, म्हणजे साधारण दोन हजार फूट असे. पहिलं प्रकरण कधी तीन रिळांचं. तुमच्याकडच्या 'भाग ४'ची लांबी ९५० फूट भरली, तर ते चौथं प्रकरण असण्यापेक्षा चौथं रीळ किंवा प्रकरणाचा अर्धा तुकडा असण्याचा संभव जास्त. ही कसोटी फ्रेंच सिरियलवर मात्र डोळे मिटून लावू नका. 'ले व्हाँपीर'ची (१९१५–१६) दहा प्रकरणं पाव तासापासून तासाभरापर्यंत कमीजास्त आहेत. तिथे लांबीवरून प्रकरण ठरवता येत नाही, टायटल कार्डच हवं.

स्वतंत्र भाग म्हणायचं कशाला

नियम साधा आहे. ज्याला पहिल्या प्रदर्शनात स्वतःचं शीर्षक किंवा क्रमांक होता आणि जो प्रेक्षकाला वेगळा कार्यक्रम म्हणून दाखवला गेला, तो स्वतंत्र भाग. 'डॉ. माबुझ'चा पहिला भाग बर्लिनमध्ये २७ एप्रिल १९२२ ला आला, दुसरा 'इन्फेर्नो' २६ मे १९२२ ला. 'डी निबेलुंगेन'चा पहिला भाग 'झीगफ्रीड' १४ फेब्रुवारी १९२४ ला, दुसरा 'क्रीमहिल्ड्स राखे' २६ एप्रिलला. दोन तारखा, दोन नोंदी आणि त्यांच्यावर एक मुख्य नोंद.

तारीख एकटी पुरत नाही. 'ले व्हाँपीर'ची पहिली दोन प्रकरणं एकाच दिवशी, १३ नोव्हेंबर १९१५ ला आली. म्हणून ती एक होत नाहीत. दोघांना वेगळं शीर्षक आणि वेगळा क्रमांक आहे.

मुख्य नोंद किती भरायची हा प्रश्न नेहमी येतो. दोन ते पाच मोठे भाग असतील तर मुख्य नोंद बारीक ठेवा: एकूण शीर्षक, वर्षांचा पल्ला, भागांची संख्या आणि दुवे. कलाकार, तंत्रज्ञ, लांबी, तारीख हे सगळं भागाच्या नोंदीत. दहा-वीस प्रकरणांची सिरियल असेल तर उलट करा. कलाकार आणि निर्मिती मुख्य नोंदीत एकदाच लिहा, प्रकरणाच्या नोंदीत क्रमांक, शीर्षक, तारीख, लांबी आणि ते आज शिल्लक आहे की नाही एवढंच. वीस ठिकाणी तीच नामावली चिकटवली की एक चूक सुधारायला वीस ठिकाणी जावं लागतं, आणि कोणी जात नाही.

मुख्य नोंदीत मिनिटांचा रकाना रिकामा ठेवा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तिथे आकडा दिसला की कोणी तो एका भागाचा समजतं, कोणी बेरजेचा.

पाठभेदाला भाग समजू नका

चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फियाफची, २०१६ ची नोंदणी-पुस्तिका आणि युरोपचं ईएन १५९०७ हे मानक, दोन्ही चार पायऱ्या मानतात: कृती (मूळ चित्रपट), पाठभेद (त्याचं बदललेलं रूप), आवृत्ती (ज्या रूपात तो लोकांपर्यंत आला ते) आणि प्रत (हातातला डबा किंवा फाइल). आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. दोन पोथ्यांत ओव्यांची संख्या वेगळी निघाली म्हणून ग्रंथ दोन होत नाहीत. चित्रपटाचंही तसंच आहे. कापलेली, जोडलेली, नव्या क्रमाने लावलेली प्रत हा त्याच कृतीचा पाठभेद.

सगळ्यांत जास्त नोंदी इथेच बिघडतात, म्हणून काही खरी उदाहरणं पाहू.

ऑटो रिपर्टचा 'होमुंकुलुस' १९१६ मध्ये सहा भागांत आला. १९२० मध्ये तो कापून-जोडून तीन भागांत पुन्हा आला. दोन्हीकडे 'भाग ३' आहे आणि दोन्ही 'भाग ३' वेगळे आहेत. इथे १९२० ची नोंद पाठभेद म्हणून करा, तिचे तीन भाग तिच्याखाली ठेवा आणि १९१६ च्या सहांमध्ये मिसळू नका. क्रमांकासोबत वर्ष लिहायचंच: 'भाग ३ (१९२०)'.

अमेरिकेत ईलेन या नायिकेच्या तीन सिरियल आल्या, १४, १० आणि १२ प्रकरणांच्या, एकूण ३६. फ्रान्समध्ये त्याच 'ले मिस्तेर द न्यूयॉर्क' नावाने २२ प्रकरणांत दाखवल्या गेल्या. फ्रेंच टायटल कार्ड असलेलं 'प्रकरण १५' अमेरिकी क्रमात शोधत बसलात तर सापडणार नाही. मूळ देशाचा क्रमांक नोंदीचा मुख्य क्रमांक करा आणि बाहेरच्या देशातला क्रमांक त्या देशाच्या पाठभेदात लिहा. 'पेरिल्स ऑफ पॉलीन'चं (१९१४) दुखणं याच जातीचं. मूळ २० प्रकरणं होती, पण आज पाहायला मिळतो तो युरोपात गेलेला ९ प्रकरणांचा छाटलेला पाठभेद. '९ पैकी ९ उपलब्ध, पूर्ण' असं लिहिलं तर मूळची २० प्रकरणं नोंदीतूनच पुसली जातात. भागांची संख्या मूळ प्रदर्शनावरून घ्यायची. हाती काय उरलंय हे वेगळ्या रकान्यात.

'गोस्ता बेर्लिंग्स सागा' १० आणि १७ मार्च १९२४ ला दोन भागांत आला, १९२७ मध्ये कापून एकच चित्रपट केला गेला. १९२७ ची एकसंध प्रत पाहून दोन भाग चुकीचे ठरवू नका. 'झीगफ्रीड'चं १९३३ चं ध्वनी जोडलेलं रूप 'झीगफ्रीड्स टोड' हाही पाठभेदच, तिसरा भाग नव्हे. आणि सोव्हिएत संघात 'माबुझ' पुन्हा संकलित करून वेगळ्याच नावाने दाखवला गेला. त्या संकलनात तरुण सर्गेई आयझेनस्टाइनचा हात होता. नाव रशियन, तारीख १९२४, तरी कृती लांगचीच.

याच्या उलट टोकाला पुनर्निर्मिती असते, आणि तिथे 'दास इंडिशे ग्राबमाल' सगळ्यांना चकवतो. जो मायच्या १९२१ च्या मूकपटात पहिला भाग 'डी झेंडुंग डेस योगी' आणि दुसरा 'डेर टीगर फॉन एश्नापूर'. १९३८ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये हीच कथा दोन भागांत आली, पण तेव्हा 'टीगर' पहिला झाला आणि 'ग्राबमाल' दुसरा. त्यामुळे 'टीगर' म्हणजे भाग १ असं गृहीत धरून १९२१ ची नोंद 'दुरुस्त' करणारे लोक सतत भेटतात. नव्याने चित्रित झालं की नवी कृती, नवी मुख्य नोंद, आणि दोघांमध्ये 'पुनर्निर्मिती' हा दुवा. नावं तीनच, पण चित्रपट सहा आहेत. सहाही वेगळे ठेवा.

न बनलेले भागही यादीत शिरतात. लांगचा 'डी श्पिनेन' (१९१९–२०) चार भागांचा योजला होता, बनले दोनच. तिसऱ्या-चौथ्याची नावं ठरली होती, म्हणून ती 'हरवलेले चित्रपट' या सदरात दिसतात. हरवायला आधी बनावं लागतं. ती नावं मुख्य नोंदीच्या टिपणात लिहा, त्यांना क्रमांक देऊ नका.

आपल्याकडच्या मूकपटांत

इथे भागांपेक्षा नावांचा गोंधळ जास्त. एकाच चित्रपटाला देशी नाव आणि इंग्रजी नाव अशी जोडी असे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) 'इंडियन शायलॉक' म्हणूनही येतो. प्रभातचा 'उदयकाल' (१९३०) आधी 'स्वराज्याचं तोरण' होता, सेन्सॉरमुळे नाव बदललं, आणि इंग्रजीत तो 'थंडर ऑफ द हिल्स'. तीन नावं म्हणजे तीन भाग नव्हेत. पर्यायी शीर्षकं म्हणून एकाच नोंदीत ती बसतात.

'राजा हरिश्चंद्र'कडे परत येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. 'भाग १ व भाग ४ उपलब्ध' असं लिहिलं की वाचणाऱ्याला चार भागांचा चित्रपट डोळ्यांसमोर येतो. 'चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं' असंच लिहावं. शिवाय ही रिळं १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १९१७ चा चित्रपट स्वतंत्र कृती म्हणून नोंदवा. प्रत कुठल्या कृतीला जोडली आहे आणि दुसरा पक्ष काय म्हणतो, हे प्रतीच्या नोंदीत दोन ओळींत लिहा. वाद मिटवणं हे नोंद करणाऱ्याचं काम नाही, पण तो लपवणंही नाही.

रकान्यांची जागा

ग्रंथालयात मार्क २१ (संगणकीय नोंदींचा ठरलेला नमुना) वापरत असाल तर एकूण शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात 'ए' या उपरकान्यामध्ये, भागाचा क्रमांक 'एन'मध्ये, भागाचं नाव 'पी'मध्ये, याच क्रमाने. रिळाचा क्रमांक 'एन'मध्ये कधीही नको. रिळांची संख्या आणि लांबी ३०० मध्ये जाते. भागाचं स्वतंत्र नाव २४६ मध्ये पुन्हा द्या, नाहीतर 'झीगफ्रीड' शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. भागाकडून मुख्य नोंदीकडे ७७३, मुख्य नोंदीकडून भागाकडे ७७४.

विकिडेटावर भागाच्या पानावर पी१७९ (मालिकेचा भाग) आणि त्याला पी१५४५ हा क्रमांकाचा गुणक (क्वालिफायर) लावा. आधीच्या-नंतरच्या भागासाठी पी१५५ आणि पी१५६. मुख्य पानावर पी५२७ (यात कोणते भाग आहेत). प्रदर्शनाची तारीख आणि कालावधी भागांच्या पानांवरच असू द्या. दुवा एका बाजूने जोडून सोडला की दुसऱ्या बाजूने कोणीतरी नवं पान उघडतं, म्हणून दोन्ही बाजू एकाच बैठकीत पुऱ्या करा.

घरच्या संग्रहात चित्रपटांच्या फाइली लावणारं कोडीसारखं सॉफ्टवेअर असेल आणि दोन भाग आपोआप एक होत असतील, तर दोष फाइलच्या नावात आहे. नाव तेच आणि शेवटी 'पार्ट', 'सीडी' किंवा 'डिस्क' आणि आकडा दिसला की ते सॉफ्टवेअर फाइली एकाच चित्रपटाचे तुकडे समजून जोडतं. स्वतंत्र भागांना स्वतःचं नाव, वर्ष आणि वेगळा फोल्डर द्या. 'ले व्हाँपीर' मात्र ऑनलाइन सूचीत सात तासांचा एकच चित्रपट म्हणून असेल तर तिथे हीच जोडणी उपयोगी पडते.

दुहेरी नोंदी एकत्र करताना

घाईने काही पुसू नका. आधी दोन्ही नोंदींची लांबी, टायटल कार्डांची भाषा आणि शेवटचं कार्ड शेजारी-शेजारी ठेवा. कोडॅक फिल्मच्या काठावरचं चिन्ह पाहिलं असेल तर ते कच्च्या फिल्मचं वर्ष सांगतं, चित्रपटाचं नाही, आणि ती चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा येतात. त्यावरून प्रदर्शनाचं वर्ष ठरवू नका. नोंदी खरंच एकच निघाल्या तर जुना क्रमांक 'पूर्वीचा क्रमांक' म्हणून राहू द्या, कारण तो कोणाच्या तरी पत्रात किंवा लेखात आधीच गेलेला असतो.

शेवटी डब्याकडे या. जुनं लेबल काढू नका, त्याचा फोटो घ्या आणि शेजारी नवं लावा. त्यावर नुसता आकडा नको, आकडा कशाचा ते लिहा: 'डी निबेलुंगेन, स्वतंत्र भाग २, क्रीमहिल्ड्स राखे, १९२४, रीळ ३'. पेन्सिलने, कापडी पट्टीवर, आणि झाकणावर नव्हे तर डब्याच्या बुडाच्या बाजूला. झाकणं अदलाबदल होतात.